काळीच्या कानावरचा मोजा

मित्रांनो, बोटांकडची बाजू कापलेला मी एक जुना फुटबॉलचा मोजा आहे. बोर्डीच्या मैदानावर उमेशच्या पोटरीवर मी चार वर्षे ताठ राहिलो. पुढे तो मासेमारीच्या बोटीवर जाऊ लागला, माझा जोडीदार हरवला आणि मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो. एकटा मोजा कोणाच्या उपयोगाचा?

मला बाहेर काढले ते काळीमुळे. काळी ही उमेशच्या आईची, बायजीची कुत्री. वाळत घातलेल्या बोंबलांवर ती कावळा बसू देत नाही. कानात खाज सुटल्याने तिने डोके इतके झटकले की कानाची पाळी आतून रक्ताळून टम्म फुगली. गुरांच्या डॉक्टरांनी सुईने रक्ताळ पाणी ओढून घेतले, आत औषध सोडले.

"मावशी, कापायचं काम नाही. कान डोक्याला बांधून ठेवा आणि दोन आठवडे थेंब घाला. खाज राहिली तर पुन्हा भरेल."

मग बायजीने माझे बोटांकडचे टोक कापले आणि मी नळीसारखा काळीच्या डोक्यावर चढलो, कान आत दाबून.

"काय गो काकी, कुत्रीला टोपी? जत्रेला नेतेस काय?" शेजारची सोमी हसली.

"सासरी धाडते," बायजी म्हणाली.

पाचव्या दिवशी कान सपाट दिसला. "बरी झाली माझी बाय," म्हणत बायजीने मला सोडवले, धुतले, दोरीवर टाकले. थेंबांची बाटली फळीवर गेली. काळीला माझ्यात उकडत होते. बायजीने हे मायेपोटीच केले. पण मी तो कान पाच दिवस कवटाळून होतो. आतली खाज गेलेली नाही, हे मला ठाऊक होते. सांगणार कसे? मोज्याला ओल येते, वाचा येत नाही.

दुसऱ्याच दिवशी काळी फटफट कान झाडू लागली. आज पाळी पुन्हा फुगली आहे. उमेश समुद्रावर आहे.

"गळूच ते. ब्लेडने चीर दे, मोकळी होईल," सोमी म्हणते.

"डाक्टर कापायला नको म्हणालेला."

"मग त्याच्या औषधानं सूज गेली का? तूच बघ."

बायजी उठते. आत जाऊन ब्लेड घेऊन येते आणि ओट्यावर बसते. काळीला वाटते, पुन्हा कान बांधायचा आहे. ती आपणहून येऊन बायजीच्या मांडीवर डोके ठेवते. मी दोरीवर वाऱ्याने हलतो, एवढेच.

मित्रांनो, सूज उतरली म्हणून मुक्या जिवाचे औषध थांबवू नका. आणि तुमच्यापैकी कोणी आत्ता या अंगणावरून जात असेल, तर जरा थांबा. बायजीला हाक मारा.