मखमलीखालची सायकल

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. फुप्फुसं खराब झालेले, हृदय कमजोर झालेले, सगळे आपापली धाप घेऊन वारेबाबांकडे आले होते. मंचावर जागची न हलणारी एक सायकल, तिच्यावर जांभळी मखमल पांघरलेली. बाबांनी छातीवर फुंकर मारायची, रुग्णाने पॅडल मारायचं. धाप नाही म्हणजे नाही! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"ती यंत्रं फेका!" बाबा गरजले. "तुमच्या फुप्फुसात मी ब्रह्मांडाचा वारा भरतो. जन्मभराची गॅरंटी!"

"गॅरंटी? हा बाबा आहे की मिक्सर?" पहिल्या रांगेत शिंपीणकाकू पुटपुटल्या.

त्यांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. शिंपीकाका इस्पितळातल्या व्यायामवर्गात तोंडाला मास्क लावून सायकल चालवत. मास्कला जोडलेलं मशीन हवा आत ढकलायचं. हल्ली ते जिना चढून आपल्या पायांनी घरी येऊ लागले होते. पण मास्कची त्यांना भारी लाज. "तोबरा बांधलेला घोडा दिसतो मी," म्हणायचे. आज फुंकर लागू पडली की वर्ग कायमचा बंद, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. काकू भांडल्या, रडल्या, शेवटी सोबत आल्या.

मंचाच्या पायऱ्या चढतानाच काकांचा भाता सुरू झाला. बाबांनी त्यांना सायकलवर बसवलं, धाप शमेपर्यंत लांबलचक मंत्र म्हटला आणि मग फुंकर मारली. काका पॅडल मारू लागले. काय तो वेग! त्यांचा फुललेला चेहरा पाहून काकूंना गलबलून आलं. एवढा खूश झालाय माणूस, आपण कशाला खोडा घालायचा?

पण कान ऐकतील तर ना! काकूंचा जन्म नवऱ्याच्या शिलाईच्या पायमशीनशेजारी काजं करण्यात गेला होता. मशीनचा पट्टा निसटला की पायाखालची पावडी मोकळी पळते, आवाज पोकळ येतो. काका तंद्रीत पाय हलवतच राहतात, मग काकू ओरडतात. तोच पोकळ आवाज आता मखमलीखालून येत होता.

"अहो, पट्टा उतरलाय!"

बोलून गेल्या खऱ्या! काकांचे पायही सवयीने थांबले. ते वाकले, मखमल उचलली, आत हात घातला.

"अगं, उतरला कुठला?" ते माईकसमोरच म्हणाले. "बसवलेलाच नाही! इथे साखळीच नाही!"

बाबांनी घाम पुसला. "साखळी सूक्ष्म आहे, माते!"

"मग नमस्कारही सूक्ष्मच घ्या!" काकू म्हणाल्या, आणि सभागृहात हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी काका मान खाली घालून काकूंसोबत वर्गात आले. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी समजावलं, "श्वास घेण्यातच तुमची ताकद संपते, काका. मशीन त्या कामाला हातभार लावतं, म्हणून पायांना जास्त वेळ मेहनत करता येते. हे कुणाला लागेल, ते डॉक्टर तपासून ठरवतात. बाबाने तर मेहनतच काढून घेतली. आधी विश्रांती, मग रिकामं पॅडल! धाप लागणार कशी?"

"पायांना कळलं होतं गं," काका काकूंना हळूच म्हणाले. "पण मला बरं व्हायचं होतं ना."

काकूंचे डोळे भरले. त्यांनी स्वतःच मास्क बांधला. "घोडा तर घोडा. मला जिना चढून घरी येणारा नवरा हवाय."

मंडळी, धापेने जेरीस आलेला माणूस आशेला भुलतो, त्यात त्याचा दोष नाही. दोष ती आशा विकणाऱ्याचा. म्हणून चमत्कार दिसला की टाळ्या वाजवण्याआधी कापड उचलून बघा, प्रश्न विचारा, आणि चालू असलेले उपचार कुणाच्या फुंकरीवर सोडू नका.

काका घामाघूम होऊन पॅडल मारत होते.

"पट्टा?" काकूंनी विचारलं.

मास्कआडून हसत काकांनी अंगठा वर केला.