मागचा गळा, एक वीत

"सर, तुम्ही सगळं फुकट लिहिता, मग तुमचं घर चालतं कशावर?"

शाळेच्या हॉलमध्ये माइक हातात धरून सृष्टीने हे विचारलं आणि मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी ऋतुजा-अक्षता यांनी तोंडावर हात दाबले. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्या दोघींनीच तिला डिवचलं होतं. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. हल्ली माइक दिसला की तिचे पाय आपोआप तिकडे वळत.

पाहुणे उत्तरेश्वर सर रोपवाटिका चालवायचे आणि झाडांवर ब्लॉग लिहायचे. ते रागावले नाहीत. "ज्याला वाचून जमतं, तो चारचौघांत माझं नाव घेतो. ज्याला जमत नाही, तो मरायला टेकलेलं रोप घेऊन माझ्याकडेच येतो. आणखी काय हवं?"

झालं! सृष्टीच्या डोक्यात भुंगा शिरला. येरवड्यातल्या तिच्या घरी, पुढच्या खोलीत आईचा शिवणक्लास होता. एकेकाळी बसायला चटया पुरायच्या नाहीत, आता जेमतेम चार बायका यायच्या. या चारही गेल्या तर क्लास बंद करायचा, हे आई-पप्पांचं बोलणं तिने ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी तिने आईच्या नावाने ब्लॉग काढला आणि ब्लाउजचं सगळं कटिंग लिहून टाकलं, खाली क्लासचा पत्ता आणि फोन नंबरही दिला. कटिंग आई रोज जसं सांगायची, अगदी तसंच्या तसं.

आईला कळलं तेव्हा तिचा हात मशीनवरच थांबला.

"वा! पंधरा वर्षांची विद्या एका पानात? आता क्लासला येतील कशाला? घरी बसून कापतील."

"अगं, उलट येतील! एक महिना दे ना."

"एक महिना. कोणी आलं नाही, तर तुझ्याच हाताने पुसायचं."

तेव्हापासून सृष्टीला चैन पडेना. मधल्या सुट्टीत, रिक्षात, जेवताना ती पान उघडून बघायची. वाचणारे वाढत होते. "छान माहिती ताई" म्हणणारे तर पायलीचे पन्नास. फोन मात्र एकही नाही. चौथ्या आठवड्यात तिची नखंसुद्धा शिल्लक राहिली नाहीत.

मग रविवारी सकाळी दार वाजलं. दारात उंचनिंच, धिप्पाड यमुनाबाई. हातात पिशवी, पिशवीत जांभळा ब्लाउज.

"तनुजाताई इथंच राहतात ना? तुमचं ते वाचून शिवला हो. परवा पुतणीचं लग्न आहे आणि हा बघा, खांद्यावर थांबतच नाही. गळा आहे की खिडकी?"

आईने ब्लाउज उलटा केला, टेप लावली. "नऊ इंच? एवढा खोल गळा तुम्हाला सांगितला कोणी?"

"तुम्हीच! 'मागचा गळा एक वीत'. मी माझी वीत मोजली." त्यांनी पंजा पसरला. परातीएवढा पंजा.

आईने आपला चिमुकला हात त्याशेजारी ठेवला. तिची वीत जेमतेम सात इंच. क्लासमध्ये आई प्रत्येकीच्या कागदावर स्वतःच्याच हाताने वीत टाकायची, म्हणून इतकी वर्षं कोणाचा गळा बिघडला नव्हता. ब्लॉगवर फक्त शब्द गेले होते. हात घरीच राहिला होता.

सृष्टीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आई ब्लाउज घेऊन खाली बसली. जरीची पट्टी जोडून गळा वर घेतला, त्याला आतून आधार दिला, मागे नाडी लावली. तासाभरात ब्लाउज अंगावर असा बसला की यमुनाबाई आरशासमोरून हलेनात. हलल्या तेव्हा म्हणाल्या, "क्लास किती वाजता असतो हो? आमच्या सोसायटीतल्या दोघींचेही असेच गळे झालेत. त्यांनाही घेऊन येते."

दार लागलं. हिंजवडीच्या कंपनीची बस चालवणारे पप्पा सुट्टीचा चहा घेत सगळं बघत होते. "जिंकलीस की गं पोरी!"

"काय जिंकली?" आई भडकली. "तीन जणींचं कापड वाया गेलं, तेही माझ्या नावाने. न आलेल्या किती असतील कोण जाणे. आत्ताच्या आत्ता पुसून टाक ते."

सृष्टीने मोबाइल उचलला. बोट पुसण्याच्या खुणेवर गेलंही, पण दाबवेना. पुसलं तर त्या न आलेल्या बायकांना चूक कोणाची हे कधीच कळणार नव्हतं. त्या आपल्याच हाताला दोष देत बसल्या असत्या. आणि तिने स्वतः आजवर साधी उशीची खोळही कापली नव्हती.

तिने मोबाइल खाली ठेवला आणि दोघांसमोर उभी राहिली.

"आई, पप्पा, ऐका. मी ब्लॉग पुसणार नाही. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिणार: वीत नाही, सात इंच, चूक माझी, आईची नाही. ज्यांचे गळे बिघडलेत त्यांनी रविवारी घरी यावं, पत्ता खाली दिलाय. फुकट आहे ते फुकटच राहील. आणि आई, उद्यापासून मी तुझ्या क्लासला बसणार. स्वतः कापून बघितल्याशिवाय यापुढे एक ओळ लिहिणार नाही."