सॅन्टनच्या आकडीतला कोयता

मी कोयता बोलतोय. मूठ जळून गेलेला, पातं काळंनिळं पडलेला. होळी गावात लूर्डसच्या पडवीत एका खिळ्याला टांगलेला असतो. माझ्याने आता केळीचं पानही कापवत नाही. पण माझा राग अजून बोथट झालेला नाही, म्हणून सांगतो.

वालीवच्या एका लोहाराने मोडक्या ट्रकच्या पाट्यातून मला घडवलं. सॅन्टनने अंगठ्याने धार पाहिली, हसला आणि मला घरी नेलं. पहिली वर्षं सुखाची गेली. होळीच्या बागांमधून मी केळीचे लोंगर उतरवले. मग बागेतलं काम पुरेना, तसा सॅन्टन धाकट्या भावाला, ऑगस्टीनला, घेऊन चिंचोटीच्या डोंगरात लाकूडतोडीला लागला आणि पुढे टोळीचा मुकादम झाला.

डोंगरात कोयता कमरेला मागे, लाकडाच्या आकडीत अडकवतात. वणवा लागला की हीच टोळी विझवायला जायची. आगीच्या वाटेवरचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. टोळीचा एक रिवाज होता. मुकादमाने आकडीतून कोयता काढला की सगळे काढणार. तोवर कुणी पाऊल उचलायचं नाही.

पंच्याहत्तर सालच्या एप्रिलात घळीच्या वरच्या माळाला आग लागली. तिथे ठेकेदार फर्डिनंडशेठच्या लाकडाच्या थप्प्या होत्या. वर जायची वाट त्या घळीतूनच. घळ अरुंद, दोन्ही अंगांना सुकं गवत. आत माणूस असताना खालून आग शिरली तर पळायला जागा नाही. सॅन्टन थबकला.

"घळ थंड आहे," फर्डिनंड म्हणाला. "मी स्वतः पाहून आलोय. जा बिनघोर."

सॅन्टनने मला बाहेर काढलं. ऑगस्टीन सगळ्यांत मागे होता. खालच्या गवतातली धग वाऱ्याने फुलली आणि आग त्याच्या पाठीमागून चढत आली. आम्ही वरच्या खडकावर पोचलो. तो पोचला नाही.

त्याला पुरलं त्या दिवशी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात फर्डिनंड चारचौघांना सांगत होता, "ताडी पिऊन होता बिचारा. पळता आलं नाही." लूर्डसने, ऑगस्टीनच्या बायकोने, ते ऐकलं. सॅन्टनच्या कमरेवरून मीही ऐकलं. त्या दिवसापासून मला लाकूड गोड लागेना. फर्डिनंडची मान दिसली की माझी धार शिवशिवायची. पण कोयत्याला स्वतःचा हात नसतो.

सॅन्टनने फर्डिनंडचं काम सोडलं नाही. लूर्डसही टोळीला पाणी द्यायला डोंगरात येऊ लागली. दोघं कशाची तरी वाट पाहत होती, एवढं मला कळत होतं.

एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याच माळाला पुन्हा आग लागली. थप्प्या आता दुप्पट झाल्या होत्या. फर्डिनंडशेठ घळीच्या तोंडाशी जीपमधून उतरला.

"चला रे, घळीतून वर! थंड आहे, मी पाहून आलोय."

सॅन्टनने हाताची घडी घातली. मी आकडीतच राहिलो. सगळ्या टोळीचे कोयते आकडीत राहिले.

"ऐकू येत नाही? बायकांसारखे उभे काय राहिलात!"

"बायका हितंच हायत, शेठ," लूर्डस म्हणाली. "तुम्ही पाहून आलात ना? मग वाट दाखवा."

फर्डिनंडचा चेहरा लाल झाला. त्याने सॅन्टनच्या कमरेवरून मला उपसलं आणि हवेत नाचवलं. "हा बघा, काढला कोयता! आता हला!"

कुणी हललं नाही.

"कोयता तुमच्या हातात हाय, शेठ," मागून कुणीतरी म्हणालं. "व्हा पुढं."

तो निघाला. मला धरलेला त्याचा तळवा घामाने चिकट झाला होता. मी मनात म्हणालो, चल, आणखी चल. वीसेक पावलांवर वारा फिरला, समोरचं गवत भडकलं. त्याने मला तिथेच टाकलं आणि भुवया जळालेल्या अवस्थेत खाली पळाला. माझी मूठ पेटली. जळता जळता खालचं बोलणं मी ऐकत होतो.

"पाणी," फर्डिनंड धापा टाकत म्हणाला.

लूर्डसने कळशी पाठीमागे घेतली.

"माझा कोयता, शेठ?" सॅन्टनने शांतपणे विचारलं.

"वर राहिला."

"घेऊन या."

"वेडा झालास? आग आहे तिथं!"

"घळ थंड हाय म्हणालात. पाहून आला होतात."

वर थप्प्यांनी पेट घेतला. फर्डिनंड तिकडे बघत राहिला. कुणीच धावलं नाही.

"आणि त्या वेळी?" सॅन्टनने विचारलं. "पाहून आला होतात?"



"नाही," फर्डिनंड पुटपुटला.

"मोठ्यानं," लूर्डस म्हणाली.

"नाही! जीपमधून उतरलोच नव्हतो."

"अन् माझा नवरा प्यायला होता?"

"नव्हता."

"हेच रविवारी देवळाच्या अंगणात सांगायचं. तिथंच, जिथं खोटं बोललात."

आग निवल्यावर ती वर आली. काठीने मला राखेतून ओढलं आणि कळशीतलं उरलेलं सगळं पाणी माझ्यावर ओतलं. मी फुसफुसलो. फर्डिनंड खालून कोरड्या ओठांनी बघत होता. त्याच्या वाटणीचं पाणी मी प्यालो. आयुष्यात इतकं गोड काही मला लागलं नाही.

रविवारी तो बोलला, सगळ्यांसमोर. टोळी त्याच्या कामावर परत गेली नाही. सॅन्टन मला नवी मूठ बसवणार होता. लूर्डस म्हणाली, "नको भावोजी, आहे तसाच राहू दे."

मी निवलो का? नाही. ऑगस्टीन काही परत आला नाही. माझं मागणं एवढंच. खाली उभा राहून कुणी तुम्हाला आगीत जा म्हणाला, तर त्याच्याकडे नीट बघा. आणि हात मागे जाऊ देऊ नका. कोयता आकडीतच असू द्या.