शेवटची जुळणी

"प्रोग्राम पान उघडलं म्हणतोय आणि वर रिकामं आहे म्हणतोय," ताई म्हणाली. "आता तिसऱ्यांदा."

तो तिच्या खुर्चीमागून पडद्याकडे वाकला. पान पांढरंफटक होतं. ना चौकट, ना बटण, ना एखादं अक्षर. काल संध्याकाळपर्यंत तिच्या कार्यालयाची वेबसाइट इथे बिनतक्रार उघडत होती.

"छोट्या, गप्प का? तुला काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"म्हणजे तो खरं बोलतोय तर."

सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. तो एका तंत्रशाळेत संगणक दुरुस्त करायचा. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, जन्मापासून अंध. न्यायालयात नोंदवलेल्या साक्षी कानाला लावून ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टंकून पाठवायच्या, हे काम ती पंचवीस वर्षं करत होती, अलीकडे घरूनच. तिच्या टंकलेखनात चूक काढून दाखवेल त्याला आपण चहा पाजू, असं तिचे जुने साहेब म्हणत. ते निवृत्त झाले तरी चहा कुणाला मिळाला नाही.

आज दुपारी चार वाजता तिची परीक्षा होती. कार्यालयाने आजपासून नवी वेबसाइट आणली होती आणि घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या रोजच्या संगणकावरून, खोलीत एकट्याने, नोंदवलेली साक्ष ऐकून टंकायची चाळीस मिनिटांची चाचणी द्यायची होती. जो चाचणीला हजर होणार नाही त्याला घरून काम नाही. ताईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच विभागातल्या एका कमी दिसणाऱ्या गृहस्थांना असंच "सोयीच्या जागी" बसवलं होतं. ते आता आल्यागेल्याला कुठली खोली कुठे ते सांगत स्टुलावर बसून असत.

"मोठ्या बाईंना फोन लाव," तो म्हणाला.

मोठ्या बाई म्हणजे चाचणी घेणाऱ्या अधिकारी. आवाज मायाळू होता. "अहो ताई, वेळ सगळ्यांना एकच आहे, मी तरी काय करणार? आणि तुम्ही नवीन संगणक का नाही घेत एकदाचा? माझ्या सासूबाईंनीसुद्धा घेतला."

"त्यांना दिसतं का हो?" ताईने विचारलं.

"चारला मी फोन करते," असं म्हणून बाईंनी ठेवून दिला.

नवा संगणक घरात आणणं अवघड नव्हतं. अडचण ताईच्या बोलक्या प्रोग्रामची होती. पडद्यावरचं सगळं तो तिला वाचून दाखवी. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिच्या संगणकातली पंधरा वर्षांपूर्वीची यंत्रणा सोडली, तर दुसऱ्या कुठल्याही यंत्रणेवर तो तोंड उघडत नसे. ताई त्याला इतक्या वेगाने बोलायला लावी, की बाहेरच्या माणसाला डब्यात माशी अडकल्यासारखं वाटे. तिला त्यातलं प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येई. तो कान कमवायला तिला कैक वर्षं लागली होती.

जुन्या यंत्रणेवर नवे ब्राउझर चालत नाहीत, आणि जुन्या ब्राउझरमध्ये नव्या वेबसाइट उघडत नाहीत. त्याच्या आयुष्याची नऊ वर्षं या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत गेली होती. जगाला खुल्या असलेल्या एका ब्राउझरचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, घ्यायचा, जुन्या यंत्रणेत त्याला ज्या सोयी सापडत नाहीत त्या एकेक हाताने लिहून तिथे बसवायच्या, मग संगणकाकडून सगळ्याची जुळणी करून घ्यायची. सुरुवात ताईसाठी झाली. पुढे त्याने तो ब्राउझर फुकट ठेवून दिला आणि बघता बघता सहाशे माणसं तो वापरू लागली. कुणी लेथ चालवणारा, ज्याचं यंत्र जुन्या संगणकाशिवाय हलत नव्हतं. कुणी छोट्या दवाखान्यातली नर्स. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळे पत्रात "दादा" लिहीत.

बायको म्हणे, "सहाशे लोकांचा संसार चालवताय, आपल्या मोरीचा नळ गेली दोन वर्षं गळतोय."

अकराच्या सुमारास त्याला दोष सापडला. नव्या वेबसाइटने कोड लिहिण्याची एक नवी पद्धत वापरली होती आणि त्याच्या ब्राउझरच्या गाभ्याला ती ठाऊकच नव्हती. ती शिकवणं म्हणजे गाभा उघडणं, आणि गाभा उघडला की जुळणी पहिल्यापासून. त्याच्या संगणकावर पुरी जुळणी व्हायला तीन तास वीस मिनिटं लागत.

अकरा चाळीसला बदल लिहून झाला. जुळणी सुरू केली. तीन वाजता संपणार. मधे काही चुकलं तर दुसरी संधी नव्हती.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. पडद्यावर ओळी वर सरकत होत्या. ताई शेजारच्या खोलीत जुन्या साक्षी टंकत हात सैल करत होती. बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"सांगितलंत का त्यांना?"

"काय?"

"मार्चपासून जे पोटात ठेवलंय ते."

त्याने दाराकडे पाहिलं. "हळू बोल. तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं."

"म्हणूनच म्हणते, त्यांना कळायच्या आत तुम्ही सांगा."

मार्चमध्ये मूळ ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपल्या मजकुरातून जुन्या यंत्रणांचा उरलासुरला भाग काढून टाकला होता. पुढचा गाभा मुळातच वेगळा होता. त्यात बदली सोयी बसवायला खाचाच ठेवलेल्या नव्हत्या. त्याने तीन महिने शनिवार-रविवार खपून पाहिलं. जमलं नाही, आणि जमणार नाही हेही कळलं. आज शिकवलेली पद्धत ही त्या जुन्या गाभ्याला शिकवता येण्यासारखी शेवटची गोष्ट होती. वेबसाइट पुन्हा बदलली की संपलं.

"आज परीक्षा होऊ दे," तो म्हणाला.

"मार्चमध्ये म्हणालात त्यांचा वाढदिवस होऊ दे." ती कप न घेताच गेली.

तीनला दहा कमी असताना ओळी थांबल्या. सगळे तुकडे तयार होते. ते एकमेकांना सांधायची शेवटची पायरी तेवढी बाकी होती, आणि तिथे लाल अक्षरांत एकच वाक्य आलं. एका तुकड्याला लागणारी सोय सापडत नव्हती.

तुकडा कुठला, ते त्याने पुन्हा वाचलं. पानावर आपोआप काही बदललं, की बोलक्या प्रोग्रामला खबर देणारा तो तुकडा होता. ही सोय हाताने लिहायची तर दोन दिवस हवेत. तुकडाच काढून टाकला, तर उरलेलं अर्ध्या-पाऊण तासात सांधलं जाईल. पण मग चाचणीतलं उलट चालणारं घड्याळ ताईला ऐकू येणार नव्हतं.

तो तिच्या दारात गेला. "ताई, चालेल असं करता येईल. पण किती वेळ उरला ते तुला कळणार नाही. शेवटची सूचनासुद्धा नाही. चाळीस मिनिटं झाली की पान आपोआप बंद होतं, आणि पाठवायचं राहिलं तर सगळं जातं."

ताईचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. "गजर लावायला परवानगी नाही, आणि हाताच्या घड्याळाला बोट लावून बघत बसले तर टंकू कशानं? म्हणजे अंदाजानंच."

"हो."

"दुसरा मार्ग?"

"नाही."

"मग विचारत काय उभा राहिलास? जा."

चारला बावीस मिनिटं कमी असताना जुळणी झाली. त्याने ती तिच्या संगणकावर चढवली. एकदा बंद, एकदा सुरू. पान उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि मग चौकट आली, बटणं आली, आणि माशी डब्यात गुणगुणायला लागली. ताईने काही न बोलता आपलं नाव घातलं, परवलीचा शब्द घातला आणि आत गेली.

"चल, बाहेर हो. दार लाव."

बरोबर चारला फोन वाजला. तो आणि बायको जिन्याच्या पायरीवर बसले. त्याने घड्याळ काढून हातात घेतलं. आतून कीबोर्डचा आवाज सुरू झाला, एकसारखा, घाई नसलेला. दहा मिनिटं. वीस. एकोणतिसाव्या मिनिटाला बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, कारण तो पाय हलवत होता आणि पायरी वाजत होती.

तेहतिसाव्या मिनिटाला आवाज थांबला.

संपलं असेल, त्याला वाटलं. पण मग ताई बोलली का नाही? चौतीस. प्रोग्राम अडकला असेल. नाहीतर पान पुन्हा पांढरं झालं असेल आणि ती त्याच्यासमोर तशीच बसली असेल. तो उठला. बायकोने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. "आत पाऊल टाकलंत तर परीक्षाच गेली त्यांची."

पस्तीस. छत्तीस. मग कीबोर्ड पुन्हा वाजू लागला, तसाच, घाई नसलेला. तो पायरीवर बसला. एकोणचाळिसाव्या मिनिटाला आवाज बंद झाला, आणि फोनमधून बाईंचा बारीक आवाज आला: "मिळालं हं, ताई. पोचलं."

दार उघडलं. ताई चौकटीला धरून उभी होती.

"किती राहिलं होतं?"

"एक मिनिट. ताई, मधे थांबलीस का गं? माझा जीव जायची वेळ आली."

"साक्ष देणारी बाई रडायला लागली होती. रडता रडता दोन शब्द बोलली. ते नीट लागेनात म्हणून चार-पाचदा ऐकले. माणूस काय बोललं ते अंदाजानं कसं लिहायचं?" मग तिने मान त्याच्याकडे वळवली. "आता मार्चचं काय ते सांग."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, न थांबता. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती.

"मार्च ते आज किती महिने होतात?"

"सात."

"सात महिन्यांत मी नवा आवाज शिकले असते. थोडाफार तरी. आज जरा कमी वेगानं दिली असती परीक्षा, पण माझ्या भरवशावर दिली असती." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यालाच तो भीत होता. "लहानपणी सगळे माझ्यापासून गोष्टी लपवायचे. हिला कशाला सांगायचं, हिला त्रास होईल. एक तूच तेवढा तसा नव्हतास. जिन्याची पायरी तुटलीय, तर तू ओरडून सांगायचास, ताई, पायरी तुटलीय."

"मला वाटलं, काहीतरी मार्ग काढीन."

"ते खरं नाही."

"मला दुसरं काही येत नाही, ताई. तंत्रशाळेत मी पंखे पुसतो आणि वायरी बदलतो. हे एकच असं होतं, जे मी केलं नाही तर कुणीच केलं नसतं."

ताईने दार लोटून घेतलं. आपटलं नाही.

पाच दिवसांनी निकाल आला. ती उत्तीर्ण होती आणि चूक एकही नव्हती. खाली एक ओळ होती, की जानेवारीत वेबसाइट पुन्हा सुधारली जाईल. निकाल तिने त्याच्या बायकोला सांगितला. त्याला बायकोकडून कळला. त्याने नवा संगणक आणून तिच्या टेबलावर जुन्याच्या शेजारी मांडून दिला, तेव्हा ती फक्त "वायर पायात येणार नाही अशी घाल" एवढंच म्हणाली.

सकाळी कार्यालयाचं काम जुन्यावर, दुपारी सराव नव्यावर. नवा आवाज बाईचा होता, गोड आणि ठसठशीत. ताईला तो सगळ्यात कमी वेगावर ठेवावा लागे. शब्द कुठे तुटतो, तेच तिला कळत नसे. कार्यालयातली सगळ्यात वेगवान टंकलेखिका "क" दाबून थांबे, आवाजाने "क" म्हटलं की मग काना देई.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिने हाक मारली. "छोट्या, तुझ्या त्या सहाशे लोकांना कळवलंस?"

"नाही."

"त्यांच्यापासूनही लपवणार?"

"लिहायला बसतो. जमत नाही."

"तू सांग, मी टंकते. तेवढाच सराव होईल."

तो पलंगाच्या कडेवर बसला. आधी त्याने जुन्या गाभ्याचं आणि नव्या गाभ्याचं सगळं सविस्तर सांगायला घेतलं. ती म्हणाली, "साक्ष दे. भाषण नको." मग तो थांबत थांबत बोलला. सात ओळींना दीड तास लागला. दोनदा तिने आख्खी ओळ पुसली. एकदा तिने टेबलावर हात आपटला आणि मग पुन्हा सुरुवात केली. त्याने मदत करू का विचारलं नाही.

"खाली नाव काय घालू? तुझं नाव माहितीय का कुणाला?"

"दादा म्हणतात."

तिने तो शब्द टंकला. "पाठवायच्या आधी एकदा ऐकून घेऊ," ती म्हणाली आणि एक बटण दाबलं.

गोड, ठसठशीत आवाज सावकाश वाचू लागला. "मंडळी. ही शेवटची जुळणी. यापुढे नवीन वेबसाइट यात उघडणार नाहीत. चूक तुमच्या संगणकाची नाही. ज्यांना जमेल त्यांनी आत्ताच दुसरी सोय बघायला घ्या, वेळ लागतो. हे मी मार्चमध्ये सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नऊ वर्षं तुम्ही होतात. दादा."

वाचून होईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

"एक शब्द चुकलाय का रे कुठे?" ताईने विचारलं.

"नाही."

"पाठवू?"

त्याने मान हलवली. मग तिला ते दिसणार नाही हे ध्यानात येऊन तो मोठ्याने म्हणाला, "पाठव."