लिफ्टवाले घर बघतात

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस राहतो कुठे, तर बिनलिफ्टच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. हे ऐकून लोक हसायचे आणि लिफ्टवाले त्यांना हसू द्यायचे. हे घर त्यांनी ठरवून घेतलं होतं. दिवसभर ज्या यंत्राच्या पोटात हात घालायचा, संध्याकाळी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहून बटण दाबायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. शिवाय जिना कधी बंद पडत नाही, असं ते म्हणायचे. यावर कुणाला काही बोलता येत नसे.

बोलला तो शेवटी काकूंचा उजवा गुडघा. काकू म्हणजे लिफ्टवाल्यांची बायको. आठ महिन्यांपूर्वी हा गुडघा जो रुसून बसला, तो औषधांना आणि मालिशीला दाद देईना. "चालायला हरकत नाही, फक्त जिना टाळा," डॉक्टर म्हणाले. पाचव्या मजल्यावरच्या बाईला जिना टाळा म्हणायचं म्हणजे जग टाळा म्हणायचं, पण त्या डॉक्टरचा दवाखाना तळमजल्यावर, घरही तळमजल्यावर, त्याला काय त्याचं!

त्याआधी काकू भाजी आणायला खाली उतरल्या की दोन तासांनी उगवायच्या. भाजी दहा मिनिटांची. बाकीचा वेळ औषधांच्या दुकानातली मुलगी, शिवणकामवाली, आणि बसथांब्यावर उभं असेल ते कुणीही. काकूंशी बोलण्याच्या नादात दोन-दोन बस सोडलेली माणसं त्या भागात होती. आता भाजी लिफ्टवाले आणू लागले, आणि बारा मिनिटांत आणू लागले.

"बघ, बारा मिनिटांत आलो," ते धापा टाकत सांगायचे.

काकू पिशवीतली भेंडी मोडून बघायच्या आणि विचारायच्या, "कोण भेटलं?"

"कोण भेटायचंय? भाजी आणायला गेलो होतो."

हळूहळू काकूंचं बोलणं आटत गेलं. आधी त्या रेडिओ लावून ठेवायच्या, मग तोही बंद झाला. एके दिवशी जेवताना त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "अहो, मला इथे नको वाटतंय. आपण दुसरीकडे जाऊ या."

लिफ्टवाल्यांचा घास हातातच राहिला. संसाराच्या एवढ्या वर्षांत बायकोने कशाला नाक मुरडलं नव्हतं, आणि आता ती डोळ्यांदेखत विझत चालली होती, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांना भीती वाटली. पण गडी कामाचा, भीती वाटली की हत्यारं काढणारा. त्यांनी तिथल्या तिथे निदान करून टाकलं: दोष गुडघ्यात. उपाय, लिफ्ट असलेलं घर. आणि इथेच सगळं घोडं अडलं, कारण शहरातल्या एकाही लिफ्टवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

एक एजंट गाठला. बारीक अंगाचा, गोड बोलणारा, खिशात दोन फोन. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त सांगा, महिन्याभरात घर देतो." बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

पहिल्या इमारतीत लिफ्टवाल्यांनी लिफ्टच्या दाराला कान लावला, डोळे मिटले, आणि कान काढून म्हणाले, "नको." दुसऱ्या इमारतीतली लिफ्ट नवीकोरी, आत छतापासून खालपर्यंत आरसा. "आरसा कशाला लावतात माहीत आहे का?" त्यांनी एजंटला विचारलं. "माणूस स्वतःकडे बघत बसावा आणि लिफ्टकडे बघू नये म्हणून." तिसऱ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये खोट काढायला जागाच नव्हती. पण तिची देखभाल कोण करतो अशी चौकशी केली, तर निघाला लिफ्टवाल्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक मेकॅनिक. "याला मी शिकवलंय," लिफ्टवाले गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे याला काय-काय येत नाही, ते मला माहीत आहे." चौथ्या इमारतीची लिफ्ट खुद्द त्यांच्याच देखरेखीखाली होती. तिथे राहायचं म्हणजे अंगाला साबण लावलेला असताना लोक दार ठोठावणार. नको.

मधे एक तळमजलाही बघून झाला. तिथे लिफ्टचा प्रश्नच नव्हता, म्हणून एजंट आशेने हात चोळत होता. या वेळी 'नको' काकू म्हणाल्या. घराच्या खिडकीसमोर गोदामाची उंच भिंत होती.

"इथे दिसणार कोण?" त्या म्हणाल्या.

"खरंय," लिफ्टवाले म्हणाले. "उजेड कमी आहे."

असं करत-करत अकरा घरं झाली. एजंटचा गोडवा पाचव्या घराला पातळ झाला होता, आठव्याला संपला होता. अकराव्या घरी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, एकदा खरं सांगा. तुम्हाला राहायला घर हवंय की राहायला लिफ्ट?"

काकूंनी प्रत्येक घर बघायला जाताना पाच मजले उतरायचे, परत आल्यावर पाच मजले चढायचे, प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबायचं. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर त्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे हो. इथेच राहू. काही नको." आणि हे त्या न चिडता म्हणाल्या. लिफ्टवाल्यांना एजंटला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी त्यांनी त्याला पुन्हा फोन केला.

बारावं घर रविवारी सकाळी दहा वाजता. सहा मजली जुनी इमारत, घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट लोखंडी दारांची, दाराला काचेची उभी पट्टी, जुन्या पद्धतीची. लिफ्टवाल्यांनी कान लावला. एजंटने आभाळाकडे बघितलं, म्हणजे तिथे छत होतं.

"तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट सैल आहे," लिफ्टवाले म्हणाले. "ऐकू येतंय. दार नीट बंद असूनही हिला वाटणार की उघडं आहे. मधेच उभी राहील."

"आजपर्यंत राहिली नाही," मागून कुणीतरी म्हणालं. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे सहाव्या मजल्यावरचे एक जाडजूड गृहस्थ, हातात ब्रेडचं पाकीट. दोघांनाही वर जायचं होतं आणि दोघांनाही या कान लावणाऱ्या माणसाचा कंटाळा आला होता.

"चल, आपण परत जाऊ," लिफ्टवाले काकूंना म्हणाले.

काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा आपल्या गुडघ्याकडे. मग त्या सरळ लिफ्टमध्ये शिरल्या. "मी घर बघून येते. तुम्ही या मागून, तुमच्या लाडक्या जिन्याने."

शिक्षिका शिरल्या, ब्रेडवाले शिरले. एजंटने क्षणभर दोन्हीकडे बघितलं आणि तोही काकूंच्या पक्षात गेला. दार लागलं. लिफ्टवाले तोंडातल्या तोंडात पुटपुटत जिना चढू लागले. दुसरा मजला मागे टाकला आणि बाजूच्या भिंतीआडून आवाज आला, खट्. मग काहीच नाही.

लिफ्टवाल्यांना पहिल्यांदा काय झालं, हे खरं सांगायला हवं. त्यांना आनंद झाला. चांगला घसघशीत आनंद. 'म्हटलं नव्हतं?' एवढे दोन शब्द त्यांच्या जिभेवर नाचू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की आत आपली बायको आहे, आणि ते दोन-दोन पायऱ्या एकदम चढत सुटले.

त्यांच्या हाका ऐकून आलेला इमारतीचा वॉचमन वयस्क होता, पण घाबरला नाही. किल्ल्या घेऊन तो त्यांच्याबरोबर थेट वरच्या मशिनच्या खोलीत आला. लिफ्टवाल्यांनी लिफ्टचा मेन स्विच पाडला. आतल्या दिव्याचा आणि पंख्याचा स्विच वेगळा होता, तो चालू ठेवला. "इथेच उभे राहा," त्यांनी वॉचमनला बजावलं. "मी फोनवर सांगेन तेव्हाच स्विच वर करायचा. त्याआधी कुणीही सांगितलं तरी नाही." मग ते तिसऱ्या मजल्यावर उतरले, खिशातल्या किल्लीने लिफ्टचं बाहेरचं दार उघडलं. खाली केबिनचं छप्पर दिसत होतं आणि त्याच्या जाळीतून आतले आवाज स्पष्ट वर येत होते.

"घाबरू नका!" लिफ्टवाले ओरडले. "दाराला हात लावू नका! मी आलोय!"

"कोण?" आतून काकूंचा आवाज आला.

"अगं, मी!"

"बरं, बरं. चालू द्या तुमचं," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा आत कुणाशी तरी बोलू लागल्या.

कॉन्टॅक्ट सैलच होता, दाराच्या चौकटीत, त्यांनी सांगितला होता तिथेच. स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या खिशात रविवारीही असायचा. त्याची धातूची पट्टी साफ केली, स्क्रू पिळला, दार लावून-उघडून बघितलं. सात मिनिटांचं काम. मग त्यांनी दार लावलं, फोन काढला, आणि तेवढ्यात बंद दारामागून हसण्याचा मोठा आवाज आला.

"...मग म्हणतात कसे," काकू सांगत होत्या, "माणूस स्वतःकडे बघत बसावा म्हणून आरसा! आणि घरी? घरी आरशासमोर उभे राहून अर्धा तास मिशा कापतात!"

आत हशा पिकला. एजंट तर खिंकाळत होता. लिफ्टवाल्यांचे कान तापले. चारचौघांत नवऱ्याची अशी अब्रू काढतात का? त्यांनी दारावर थाप मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. हा आवाज त्यांनी आठ महिने ऐकलाच नव्हता. काकू भरभर बोलत होत्या, मधेच स्वतःच हसत होत्या, नक्कल करत होत्या. जुन्या काकू त्या लोखंडी पेटीत बसून मजेत गप्पा मारत होत्या.

"गुडघ्यामुळे घर बदलताय का हो?" शिक्षिकांनी विचारलं.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलात!" काकू म्हणाल्या. "तो दुखतो, थांबतो, त्याचं तो बघेल. बाई, मला दिवसभर माणूस दिसत नाही हो. पाच मजले चढून माझ्याशी बोलायला कोण येणार? हे सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. भाजीसुद्धा बारा मिनिटांत आणतात. कोण भेटलं विचारलं, तर म्हणतात कुणी नाही. एवढा मोठा रस्ता आणि यांना कुणी भेटत नाही!"

"मग सांगायचं त्यांना," ब्रेडवाले म्हणाले.

"काय सांगू? बिचारे माझ्यासाठी वणवण फिरताहेत. दाराला कान लावून-लावून कान लाल झालेत त्यांचे. त्यांना वाटतं, चांगली लिफ्ट मिळाली की मी हसेन."

लिफ्टवाल्यांना कुणीतरी फाडकन थोबाडीत मारल्यासारखं झालं. शहरातल्या प्रत्येक लिफ्टच्या पोटातली कुरकुर त्यांना दाराबाहेरून ऐकू यायची, आणि घरात समोर बसून बायको आठ महिने सांगत होती ते ऐकू आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. नाक लाल झालं, डोळे भरून आले, आणि तिथे बघणारं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते पुसलेही नाहीत.

आत कसलासा कागद फाटला. "घ्या, एकेक घ्या," ब्रेडवाले म्हणाले. "नुसता आहे, पण ताजा आहे."

"तुमच्या घरी वाट बघत असतील ना?" काकूंनी विचारलं.

"बघू दे की. लिफ्ट बंद आहे, मी काय करणार?"

मग काकूंनी एजंटला विचारलं, "चौथ्या मजल्यावरचं ते घर अजून रिकामं आहे ना?"

"आहे, काकू. पण तुम्ही ते बघितलंच नाही अजून."

"त्यात बघायचंय काय? भिंती असतील, नळ असेल. वर या बाई आहेत, त्यांच्या वर हे आहेत. वर-खाली करताना रोज कुणी ना कुणी भेटेल. अहो!" हे वर बघून, जोरात. "अहो, ऐकताय का?"

"ऐकतोय," लिफ्टवाले म्हणाले.

"मला हेच घर हवंय."

लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं. मोटार जुनी आहे, दोर बदलायला झालेत, दारं जड आहेत, हे सगळं जिभेपर्यंत आलं. एकतीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते! त्यांनी ते सगळं गिळलं.

"घेऊ या," ते म्हणाले.

आतून एजंट जिवाच्या आकांताने ओरडला, "साहेब, आम्हाला लवकर बाहेर काढा! तुमचं मन बदलायच्या आत!"

हातातला फोन वाजला. वॉचमन होता. "साहेब, झालं का? करू का स्विच वर?"

लिफ्टवाल्यांनी दारावर हलकेच हात ठेवून बघितला. कॉन्टॅक्ट घट्ट बसला होता, दुरुस्ती पक्की होती. आत काकू शिक्षिकांना विचारत होत्या की इमारतीत एकंदर बिऱ्हाडं किती, कोण कोण राहतं, आणि तळमजल्यापासून सांगा, घाई नाही. शिक्षिकांनी घसा साफ केला आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. सहाव्या मजल्यापर्यंत जायचं होतं.

"अजून अर्धा तास लागेल," लिफ्टवाल्यांनी फोनवर सांगितलं, आणि ते पायरीवर बसले.