मऊ गिअर

गाडीला बाहेरून काहीतरी करून आणलेलं माणूस वॉरंटीच्या काउंटरवर उभं राहिलं की लगेच ओळखू येतं. ते एक तर नको तितकं बोलतं, नाहीतर अजिबात बोलत नाही. "मॅडम, शोरूममधून नेली तशीच आहे हो गाडी," असं कुणी न विचारता म्हणालं की समजावं, नेली तशी नाही. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तरी मी प्रत्येकाला "हो का? बघू या हं," असंच म्हणते. खोटं पकडणं माझं काम नाही. त्यासाठी आत वर्कशॉपमध्ये मशीन आहे.

त्या दुपारी गाडीच्या आधी तिचा जळका वास आत आला. चारी दिवे उघडझाप करत एक पांढरी ऑटोमॅटिक रखडत रखडत फाटकातून शिरली. चालवणारे काका साठीच्या पुढचे. सगळी गिऱ्हाइकं आधी काउंटरवर येऊन तणतणतात, हे आधी मागच्या दाराशी गेले. दार उघडून त्यांनी काकूंना बाहेर घेतलं, काठोकाठ भरलेला पेला न सांडता न्यावा तसं. आमच्या सोफ्यावर त्यांना आडवं केलं, पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या, आणि मग माझ्याकडे आले.

"गाडी ओढत नाही. वास येतोय. वॉरंटी आहे."

"बाहेर काही काम करून घेतलंय का, काका? सॉफ्टवेअर वगैरे?"

"छे," ते म्हणाले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या.

सोफ्यावरून आवाज आला, "अहो, सांगून टाका की."

"अगं, तू पड ना जरा."

"पडलेलीच आहे. तोंड कुठं पडलंय?" काकू छताकडे बघत माझ्याशी बोलायला लागल्या. "यांना खोटं जमत नाही हो. माझ्या वडलांना म्हणाले होते, मी विडी ओढत नाही. तेव्हाही कान अस्सेच. वडील म्हणाले, मुलगी द्यायला हरकत नाही, पकडला तरी जाईल."

काका माझ्याकडे वळले आणि खून कबूल करावा तसं म्हणाले, "ट्यूनिंग केलंय."

आता ट्यूनिंग म्हणजे काय ते मला रोज दिसतं. कंपनीनं गाडीच्या डोक्यात जे भरून पाठवलेलं असतं ते पुसायचं आणि आपलं भरायचं. गाडी जास्त पळते, जास्त गुरगुरते, आणि मग एक दिवस ती माझ्या काउंटरवर येते. पण ती आणणारे मिसरूड फुटलेले असतात. पायातल्या चपला काढून ठेवणारे नसतात.

गाडी आत गेली. आमच्या फोरमनला सगळे तोफ म्हणतात, कारण त्यानं कानात सांगितलेलं गुपितही पार्किंगपर्यंत ऐकू जातं. थोड्या वेळानं तो हात पुसत बाहेर आला.

"बाई, क्लचचा पार कोळसा झालाय! काका, या वयात रेस लावता काय?"

बसलेली दोन-चार माणसं हसली. काका हसले नाहीत. तोफेलाही काहीतरी खटकत होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "पण एक कळेना. मशीनवर बघितलं. यानं गाडी पळत नाही, उलट मंद झालीय. असलं उलटं ट्यूनिंग कुणी केलं?"

"मी करून घेतलं," काका म्हणाले. "हिचं दुखणं मणक्यात उतरलंय. हॉस्पिटलला जाता-येता गिअर पडला की गाडीला हिसका बसतो. तुम्हाआम्हाला कळतही नाही तो. ही काही बोलायची नाही, पण आरशात मला दिसायचं. मी शिंपी आहे. रेडिमेड अंगाला लागत नसेल तर उसवायचं आणि जरा सैल करायचं, एवढंच येतं मला. म्हटलं, गाडीचं करतात का असं कुणी, विचारत हिंडलो."

"तो ट्यूनर दंडावर वाघ गोंदवलेला," काकू म्हणाल्या. त्यांना ही गोष्ट सांगायला आवडत होती. "त्याच्याकडे सगळे वेग वाढवायला येतात. हे म्हणाले, आमचा कमी करून द्या. त्यानं आधी आम्हाला पाणीच दिलं बसून प्यायला. मग हे चालवायला, शेजारी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि मागं मी. गिअर पडला की मी म्हणायचं, दुखलं. तो बटणं दाबायचा. परत गिअर, परत मी, दुखलं. वाघ बिचारा घामाघूम. शेवटी शेवटी मी काही म्हणेचना. मागे वळून बघतात तर मी झोपलेली."

"कित्येक महिन्यांनी दिवसा झोपली होती," काका म्हणाले.

गाडी आत घेताना तोफेनं आवारात ती जेमतेम फिरवली होती. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, आणि कधी नव्हे ते मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "बाई, अजून एवढी लोण्यासारखी गाडी मी चालवली नाही."

पण लोणी तापलं की वितळतं. गिअर मऊ पडायचा तर क्लचनं सावकाश पकडायला हवं, आणि सावकाश पकडायचं म्हणजे तितका वेळ घासत राहायचं. हॉस्पिटलच्या वाटेवर लांबच लांब चढ, वर मुंगीच्या पावलानं चालणारी रहदारी. तिचा एकेक हिसका त्या क्लचनं स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि तो आतून जळत गेला होता.

मॅनेजर साहेबांना बोलावलं. साहेब वाईट नाहीत, फक्त नियम सांगताना खिडकीबाहेर बघतात. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "या मॉडेलचे क्लच तसेही जातात, म्हणून मी कंपनीकडे शब्द टाकू शकतो. आत्ताच विचारलं. ते म्हणतात, ओरिजिनल सॉफ्टवेअर परत टाका आणि पुढं तेच ठेवा. मग नवा क्लच वॉरंटीत, पुढची वॉरंटीही चालू. आपल्याकडे आहे तो, संध्याकाळपर्यंत बसेल."

तो असणारच. त्या मॉडेलचा क्लच आमच्याकडे वाण्याकडे साखर असावी तसा कायम असतो.

"म्हणजे परत हिसके," काका म्हणाले.

"कंपनीची गाडी जशी असते तशी."

"नको. वॉरंटी राहू द्या. मी पैसे देतो, क्लच बदला आणि बाकी आहे तसंच ठेवा."

"परत जळेल, काका."

"किती दिवसांनी?"

साहेबांनी तोफेकडे बघितलं. तोफ म्हणाला, "असंच चालवलंत तर सहा-सात महिने निघतील."

"पुरेत," काका म्हणाले.

ते इतकं पटकन म्हणाले, की त्यांचं त्यांनाही उशिरा ऐकू गेलं. साहेबांनी खिडकीतून नजर काढली आणि ती कुठं ठेवावी त्यांना कळेना. मी उगाच काउंटरवरचं पेन झाकण लावून ठेवलं. सोफ्यावर काकू कोपरावर रेलून अर्ध्या उठल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझं माप घेऊन ठेवलंत की तुम्ही."

"तसं नाही गं. मी आपलं क्लचबद्दल…"

"राहू द्या. बरोबर घेतलंय. थोडं सैलच धरलंत."

काका सोफ्यापाशी जाऊन खाली बसले. काकूंनी त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, ओरिजिनल टाका."

"अगं, परवा जायचंय आपल्याला!"

"नाही जायचं. सकाळी मोठ्या डॉक्टरांना सांगून आले, आता बास म्हणून. तुम्ही गाडी काढायला गेला होतात तेव्हा."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर म्हणाला असतात, अजून एकदा जाऊ. आणि तुम्ही म्हणालात की मी जाते. आजवर तेच तर चाललंय." त्यांना दम लागला. थांबून म्हणाल्या, "घरी गेल्यावर सांगणार होते. जेवण झाल्यावर. ही मेली वाटेतच बसली."

"मग तर राहू दे ना आहे तसंच. कुठं जायचं नसेल तर…" काकांनी वाक्य सोडून दिलं.

"तुम्हाला जायचंय की. लेकीकडे कोण नेणार तुम्हाला? रात्री-बेरात्री त्या चढावर जळका क्लच घेऊन बसाल आणि फोन कुणाला कराल? एकटं माणूस आहे, धड गाडी नको का? चार दिवस माझी झाली, आता तुमची होऊ दे."

तोफ अजून तिथंच होता. एकदम म्हणाला, "साहेब, आज क्लच बसवू, काकूंना घरी पोचवू, आणि सॉफ्टवेअर उद्या टाकू. काय बिघडतंय?"

"आधी सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय नवा क्लच सेट होत नाही. तुला माहितीये."

त्याला माहीत होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये ते सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं.

साहेबांनी संमतीचा कागद काकांपुढे धरला. काकांनी हात मागे घेतले. "इकडे द्या," काकू म्हणाल्या, "गाडी माझ्या नावावर आहे. मापं यांच्याकडे आणि सह्या माझ्याकडे." काकांच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. काका वाकून उभे राहिले, आणि सही झाल्यावरही बराच वेळ तसेच उभे होते.

मी टॅक्सी विचारली. काकू म्हणाल्या, "तिचा चालवणारा अनोळखी. त्यापेक्षा यांचे हिसके बरे."

संध्याकाळपर्यंत दोघं तिथंच थांबली. एकदा काकूंनी चहाला कोमट आहे म्हणून नावं ठेवली, एकदा काकांनी पंखा कमी करायला सांगितलं. मध्येच काका मला विचारून गेले, गिअर कमीत कमी वेळा पडावा म्हणून कसं चालवायचं. मी म्हटलं, एकाच वेगानं, न थांबता. ते मनाशी म्हणत परत गेले, एकाच वेगानं, न थांबता.

गाडी धुऊन बाहेर आली. तोफेनं स्पेअर पार्टच्या खोक्यांमधला सगळा फोम गोळा करून मागच्या सीटवर अंथरला होता. काकांनी तो हातानं दाबून बघितला, एक थर काढला, परत घातला. मग काकूंना बसवलं. मी चावी दिली, जुना भाग परत हवा का म्हणून नियमाप्रमाणे विचारलं. ते नको म्हणाले.

फाटकापाशी गाडीनं गिअर घेतला. अगदी बारीक हिसका, रोज शंभर गाड्या घेतात तेवढा. गाडी थांबली. काका उतरले, मागचं दार उघडून आत वाकले, काहीतरी बोलले, परत येऊन बसले. रस्त्याला लागताना पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ते भर रस्त्यात थांबले आणि मागच्या दाराला धरून नुसते उभे राहिले. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एकानं खिडकीतून डोकं काढून त्यांना काहीबाही सुनावलं.

मी आणि तोफ फाटकापर्यंत गेलो होतो. तिथून काकूंचा आवाज आला, थकलेला, पण घरातल्यासारखाच.

"अहो, चला बघू आता. लोकांचा खोळंबा होतोय."

काकांनी दार हळूच लावलं आणि पुढं जाऊन बसले. गाडी निघाली. पहिला गिअर पडला, मग दुसरा. मागच्या काचेतून काकूंचं डोकं दोन्ही वेळेला हललेलं आम्हाला इथूनही दिसलं. या वेळी ते थांबले नाहीत.