कपाटातला क्रम

नाचाच्या हॉलमागे एक अरुंद खोली होती आणि त्या दोघांचा निम्मा संसार तिथेच झाला. नवरा तबकड्या वाजवायचा, ती पुसून त्याच्या हातात द्यायची. भिंतीत वीतभर काच बसवलेली होती. तिच्यातून ती नाचणाऱ्यांचे पाय नाही, खांदे बघायची. खांदे धापेने वरखाली होऊ लागले की पुढची तबकडी संथ. लोक खुर्च्यांकडे बघू लागले की पुन्हा उडती. कशानंतर काय, ते ती सांगायची आणि हॉल बंद करताना तो त्याच क्रमाने तबकड्या कपाटात लावायचा. गाणाऱ्याचं नाव, साल, असलं काही बघायचा नाही. अंधारातही हात घातला की पुढची तबकडी बरोबर हाताला लागायची.

इतकं करून ती स्वतः कधी एक पाऊल नाचली नाही. तरी सासूबाईंनी तिचं नाव ‘डिस्को’ ठेवलं होतं. डिस्को, दूध बघ. डिस्को, दार लाव. तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूबाई गेल्यावर मात्र कितीतरी दिवस कुणी आपल्याला हाकच मारत नाही, असं तिला वाटत राहिलं.

पुढे हॉल पाडला गेला, नवराही गेला. कपाट घरी आलं होतं, ते राहिलं. आता ती लेकीकडे राहायला जाणार होती आणि लेकीच्या घरात कपाट मावत नव्हतं. संगीताच्या एका ग्रंथालयाने संग्रह मागितला, तेव्हा तिने फोनवरच एक अट घातली: क्रम मोडायचा नाही. नवऱ्याचा आवाज कशावर धरून ठेवलेला नव्हता. दोघांनी मिळून केलेलं म्हणावं असं हेच काय ते उरलं होतं. लेकीला हे सांगायचं राहून गेलं. घरातल्यांना सगळं ठाऊकच असतं, असं आपण धरून चालतो.

ग्रंथपाल आले ते घाम पुसतच. पाणी पिता पिता त्यांनी डिस्को या शब्दाची जन्मकथा सांगितली. पुस्तकांच्या संग्रहाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्याच्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहासाठी ‘डिस्कोथेक’ हा शब्द तयार झाला. मग वादकांऐवजी तबकड्या लावून जिथे नाच चाले, त्या जागेला तो चिकटला. इंग्रजीत त्याची शेपटी गळाली आणि उरलेला तुकडा नाचाला मिळाला.

“म्हणजे आधी कपाट, काकू, आणि मग नाच,” ते म्हणाले.

“आमच्याकडे उलटं,” ती म्हणाली. “आधी नाच, त्यावरून कपाट.” आणि तिने काच, खांदे, सगळं त्यांना सांगितलं.

दारात खोके घेऊन उभी असलेली लेक ऐकत होती. ती प्रयोगशाळेत काम करायची. तिथे प्रत्येक बाटली नावाप्रमाणे ठेवलेली. काल आई दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना तिने सगळं कपाट रिकामं करून तबकड्या अकारविल्हे खोक्यांत भरल्या होत्या. आईला सुखद धक्का द्यायचा होता.

“आई,” ती म्हणाली, “मला वाटलं, बाबांनी नुसता पसारा करून ठेवलाय.”

आईने उठून कपाट उघडलं. ग्रंथपालांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसला. मग, आम्हाला तशी काही घाई नाही, असं म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळपर्यंत आई रिकाम्या कपाटासमोर बसून होती. तिने आठवून पाहिलं, काही जमेना. क्रम कधी डोक्यात नव्हताच. शेवटी ती उठली, एक तबकडी काढून लावली आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली.

“नाच.”

“मी? मला कुठे नाचता येतं?”

“नाचता येणाऱ्यांसाठी नव्हतंच ते कपाट. चपला काढ.”

लेक नाचली, नाचली म्हणजे हातपाय झाडले. आधी लाजली, मग हसायला लागली, मग तिचे खांदे वरखाली होऊ लागले. आई एकटक बघत होती. गाणं संपायच्या आत तिचा हात तिसऱ्या खोक्यात गेला आणि तिथून एक संथ तबकडी घेऊन आला. तिने ती वाजवली, ऐकली, मान डोलावली. मग दोन्ही तबकड्या तिने कपाटात शेजारीशेजारी उभ्या केल्या.

लेकीने धापा टाकत उरलेल्या खोक्यांकडे पाहिलं. “हे असं किती दिवस चालणार?”

“ते तुझ्या दमावर आहे,” आई म्हणाली आणि पुढची तबकडी पुसायला घेतली.